पीएस२ वर गेम अडकतो, थांबतो, काळा पडदा देतो: दोष यूएसबीचा, नेटवर्कचा की हार्ड डिस्कचा?

लेन्स थकलेल्या पीएस२ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ वर, ओपन पीएस२ लोडर (ओपीएल) हा प्रोग्रॅम टाकून घेतला की स्वतःच्या डिस्कच्या आयएसओ फाइली, म्हणजे हुबेहूब नकला, करून डिस्कशिवाय खेळता येतं. पहिले काही दिवस छान जातात. मग तीच तीच तक्रार येते: व्हिडिओ अडखळतो, आवाज तुटतो, लोगोनंतर पडदा काळा होतो, नाहीतर काल दिसणारी गेमची यादी आज रिकामी दिसते. यावर पहिला सल्ला मिळतो तो "चांगला पेन ड्राइव्ह घे" असा, आणि बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. डेटा गेममध्ये कोणत्या वाटेनं येतोय आणि ती वाट कुठं अरुंद आहे, हे कळल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका. एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्म्या तक्रारी घरच्या घरी सुटतात.

आधी लक्षण नीट बघा

गेम दर वेळी एकाच ठिकाणी अडकतो की कुठंही, हा पहिला प्रश्न. तीच लढाई, तोच दरवाजा, तेच लोडिंग असेल तर फाइल खराब आहे किंवा त्या गेमला ओपीएलचा एखादा कंपॅटिबिलिटी मोड, म्हणजे त्या गेमपुरती जुळवणीची सेटिंग, लागतोय. तोच गेम दुसऱ्या वाटेनं लावून बघा: यूएसबीवर होता तर नेटवर्कवरून, नेटवर्कवर होता तर यूएसबीवरून. दोन्हीकडे एकाच जागी थांबला तर वाटेचा काही दोष नाही. डिस्क पुन्हा वाचून नवी आयएसओ करा आणि तिचा एमडी५, म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा, रीडंप या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाशी ताडून बघा.

फक्त व्हिडिओ अडखळतात आणि खेळ नीट चालतो, तर वेग कमी पडतोय. कधीही, कुठंही अडकतो, पंधरा मिनिटांनी किंवा दीड तासानं, तर केबल, वीज किंवा उष्णता. गेम यादीतच येत नसेल तर फॉरमॅट, फोल्डर किंवा लॉगिन. हे चार प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका. व्हिडिओ अडखळतो म्हणून मोड बदलत बसणं आणि फाइल खराब आहे म्हणून केबल बदलणं, दोन्हींत दिवस जातो.

यूएसबी: पेन ड्राइव्ह कितीही महागडा असो

पीएस२ चे यूएसबी पोर्ट १.१ जातीचे आहेत. कागदावर १२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. प्रत्यक्ष हातात येतं ते साधारण १ एमबी किंवा त्याहून थोडं कमी. याच मशीनचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला ५ एमबीच्या आसपास वाचतो. तुमचा पेन ड्राइव्ह ३.० असला, एसएसडी असली, तरी पोर्ट तेवढंच घेणार. आता गेममधला व्हिडिओ बघा. तो एमपीईजी-२ असतो. ६ मेगाबिटचा व्हिडिओ म्हटला तरी सेकंदाला पाऊण एमबी झाला, वर आवाज वेगळा. म्हणजे वाट आधीच काठोकाठ भरलेली असते. म्हणून व्हिडिओ अडखळतो आणि खेळ मात्र बरा चालतो.

सगळेच गेम यूएसबीवर रडतात असं नाही. जे गेम एकदा लोड होऊन मग स्मृतीतून चालतात, म्हणजे फायटिंग, टू-डी, बरेचसे रेसिंग, ते इथं निवांत चालतात. उलट डिस्कवर लेन्सला इकडून तिकडं जायला वेळ लागतो, तो इथं लागत नाही, त्यामुळं छोट्या छोट्या फाइलींचं लोडिंग कधी कधी डिस्कपेक्षाही लवकर होतं. अडचण येते ती चालता चालता सतत डेटा ओढणाऱ्या गेमची. जीटीए सॅन अँड्रियाससारखा गेम यूएसबीवर लावला की गाडी वेगात गेली रे गेली, रेडिओ तुटायला लागतो. त्याला यूएसबीवर औषध नाही. वाट बदला.

यूएसबीचा दुसरा आणि जास्त फसवा दोष म्हणजे फाइलचे तुकडे पडणं. ओपीएलला आयएसओ ड्राइव्हवर सलग पडलेली लागते. जुन्या आवृत्त्या तर एकही तुकडा चालवून घेत नाहीत, गेम फ्रॅगमेंटेड असल्याचा संदेश देऊन थांबतात. नव्या आवृत्त्या थोडे तुकडे सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. हे होतं कसं ते बघा. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर वीस गेम आहेत. मधला ७०० एमबीचा एक उडवला आणि त्या जागी ३ जीबीचा टाकला. कॉम्प्युटर त्यातले ७०० एमबी त्या खड्ड्यात भरतो आणि उरलेलं शेवटी नेऊन ठेवतो. झाले दोन तुकडे. म्हणूनच "पहिले पंधरा गेम चालले, नंतर टाकलेले चालत नाहीत" ही तक्रार एवढी ऐकू येते.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो:

१. ड्राइव्हवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.
२. ड्राइव्ह नव्यानं फॉरमॅट करा. पार्टिशन टेबल एमबीआर ठेवा, जीपीटी नको. जुन्या ओपीएलसाठी फॅट३२, १.२.० मालिकेतल्या बीटा आवृत्त्यांसाठी एक्सफॅट चालतं. फॅट३२ चा क्लस्टर ३२ केबी ठेवा. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या पुढं फॅट३२ देत नाही, तिथं रूफससारखं साधन वापरा.
३. ड्राइव्हवर सगळ्यात बाहेर, दुसऱ्या कुठल्या फोल्डरमध्ये नव्हे, इंग्रजी मोठ्या अक्षरांत डीव्हीडी आणि सीडी अशी दोन फोल्डर करा. सीडीवर आलेला गेम सीडीच्या फोल्डरमध्ये, डीव्हीडीवरचा डीव्हीडीच्या.
४. व्हर्च्युअल मेमरी कार्ड (खऱ्या कार्डाऐवजी सेव्ह ठेवणारी फाइल) वापरणार असाल तर त्या फाइली सगळ्यात आधी तयार करा. त्यांनाही सलग जागा लागते.
५. गेम एकेक करून टाका. दहा फाइली एकदम निवडून ओढू नका आणि एकाच वेळी दोन कॉपी चालू ठेवू नका.
६. ड्राइव्ह काढताना इजेक्ट करूनच काढा.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही. भरलेली एकथरी डीव्हीडी साधारण ४.३७ जीबीची, आणि गॉड ऑफ वॉर २ सारखे गेम तर दुहेरी थराच्या डीव्हीडीवर आले. जुना मार्ग म्हणजे यूएसबी युटिल या साधनानं फाइल १-१ जीबीच्या तुकड्यांत कापायची. त्याची यादी यूएल डॉट सीएफजी नावाच्या छोट्या फाइलीत राहते, आणि ती एक फाइल बिघडली की कापलेले सगळे गेम यादीतून गायब होतात. गेम ड्राइव्हवर असतात, पण दिसत नाहीत. आज नवीन ओपीएल घेऊन एक्सफॅटवर अख्खी आयएसओ ठेवणं हाच शहाणपणा आहे.

पोर्टेबल फिरती हार्ड डिस्क यूएसबीला लावत असाल तर वीज तपासा. पीएस२ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअरच्या हिशोबाचा आहे. डिस्क फिरायला लागताना त्यापेक्षा जास्त ओढते. टकटक असा आवाज येऊन डिस्क पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब मध्ये घाला, किंवा साधा पेन ड्राइव्ह वापरा.

नेटवर्क: चालू होतं, अचानक बंद पडतं

नंतरच्या सडपातळ, म्हणजे स्लिम मॉडेलला, ७०००० पासून ९०००० मालिकेपर्यंत, लॅनचा पोर्ट अंगचाच आहे. आधीच्या जाड, म्हणजे फॅट मॉडेलला मागं नेटवर्क अडॅप्टर लागतो. कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करायचा आणि ओपीएल तिथून गेम वाचतं. वेग साधारण २ ते ३ एमबी, म्हणजे यूएसबीच्या दुप्पट-तिप्पट. बहुतेक गेमचे व्हिडिओ यात सुटतात.

पोर्ट १०० मेगाबिटचा असूनही १२ एमबी का मिळत नाहीत? कारण नेटवर्कचं सगळं काम पीएस२ मधला आयओपी नावाचा छोटा प्रोसेसर करतो. तो सुमारे ३७ मेगाहर्ट्झचा आणि त्याच्याजवळ स्मृती अवघी २ एमबी. म्हणून गिगाबिट स्विच किंवा कॅट-६ केबल घेऊन वेग वाढत नाही. साधी, तांब्याची कॅट-५ई पुरते. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, तेवढं बघून घ्या.

ओपीएल कॉम्प्युटरकडं डेटा छोट्या घासांनी मागतं आणि एक घास आला की पुढचा मागतं. समजा एक घास १६ केबीचा आणि येण्याजाण्याला ५ मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला २०० घास, म्हणजे ३ एमबीच्या वर. तेच येणंजाणं २० मिलिसेकंदांचं झालं तर ५० घास, जेमतेम ८०० केबी. म्हणजे यूएसबीपेक्षाही वाईट! वायफायवर नेमकं हेच होतं. स्पीड टेस्टला १०० मेगाबिट दिसतात, पण येण्याजाण्याचा वेळ सारखा हलतो, आणि गेमला तोच बोचतो. कॉम्प्युटर वायफायवर आणि पीएस२ राउटरला केबलनं, ही जोडणी बऱ्याच घरांत असते आणि बऱ्याच तक्रारी तिच्याच असतात. दोन्ही टोकांना केबल लावा. राउटर लांब असेल तर लॅपटॉप आणि पीएस२ थेट एका केबलनं जोडा. आजच्या लॅपटॉपच्या पोर्टला क्रॉस केबल लागत नाही, साधी चालते. लॅपटॉपला १९२.१६८.१.५ आणि पीएस२ ला १९२.१६८.१.१० असा पत्ता हातानं द्या, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०.

आता "काल चालत होतं, आज सर्व्हर सापडत नाही" याकडं येऊ. याची खरी कारणं मोजकीच आहेत.

लाईट गेली आणि आली की राउटर नव्यानं उठतो आणि घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो. काल कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ होता, आज ७ झाला. ओपीएल मात्र ५ वरच हाका मारतंय. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते वाटायची रेंज १०० ते २०० एवढीच ठेवा, आणि कॉम्प्युटर व पीएस२ ला १०० च्या आतले कायमचे पत्ते द्या. आधी तुमच्या राउटरचा स्वतःचा पत्ता बघून घ्या. बऱ्याच जणांकडं १९२.१६८.१.१ असतो, पण जिओ फायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो. तिथं पीएस२ ला १९२.१६८.१.१० दिलं तर दोघांची गाठच पडणार नाही, १९२.१६८.२९.१० द्यावं लागेल.

दुसरं कारण विंडोजचं. ओपीएलला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायच्या पद्धतीची, पहिली, जुनी आवृत्ती लागते. विंडोज १० मध्ये १७०९ आवृत्तीपासून ती मुळात बसवलेली नसते. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज फीचर्स चालू-बंद करायच्या यादीत एसएमबी १.० चा गट आहे. तो उघडला की आत तीन खोके दिसतात: ऑटोमॅटिक रिमूव्हल, क्लायंट आणि सर्व्हर. आपल्याला हवा फक्त सर्व्हर. पण गटाच्या नावापुढच्या मुख्य खोक्यावर टिचकी मारली की तिन्ही निवडले जातात, आणि तिथंच पुढची भानगड रुजते. ऑटोमॅटिक रिमूव्हल चालू राहिलं तर कॉम्प्युटर चालू असलेल्या १५ दिवसांत एसएमबी १ वापरलं न गेल्यास विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. मुलांच्या परीक्षा आल्या, पीएस२ महिनाभर कपाटात गेला, सुट्टीत बाहेर काढला की यादी रिकामी. कुणी काही बदललेलं नसतं. तो खोका रिकामा करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

तिसरं, लॉगिन. विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि चार आकडी पिन हा पासवर्ड नव्हे. पीएस२ साठी वेगळं स्थानिक खातं करा, नाव आणि पासवर्ड इंग्रजी छोट्या अक्षरांत, साधा. शेअर केलेल्या फोल्डरवर त्या खात्याला वाचायचा आणि लिहायचा, दोन्ही हक्क द्या. नुसता वाचायचा दिला तर गेम चालतात, पण व्हर्च्युअल मेमरी कार्डवर सेव्ह होत नाही आणि दोष गेमला दिला जातो. नेटवर्कचा प्रकार पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यात ४४५ क्रमांकाचा पोर्ट घरच्या नेटवर्कपुरता मोकळा ठेवा. कॉम्प्युटर झोपायची वेळ "कधीच नाही" अशी लावा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी साइनिंग सक्तीचं झालंय. ते ओपीएलला जमत नाही, त्यामुळं अपडेटनंतर नेटवर्क बंद पडलं असेल तर आधी इथं बघा.

हे सगळं करता येतं, तरी आमचं स्पष्ट मत असं की ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम, जीएसटीचं काम, घरचे फोटो आहेत त्यावर एसएमबी १ चालू करूच नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच दारातून. त्यापेक्षा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यावर लिनक्स आणि फोल्डर शेअर करणारा सांबा प्रोग्रॅम बसवा. सांबा ४.११ पासून तिथंही जुनी आवृत्ती बंद असते. सेटिंगच्या फाइलीत ग्लोबल भागात दोन ओळी लागतात: server min protocol = NT1, आणि ntlm auth = ntlmv1-permitted. मग सांबाचा पासवर्ड वेगळा तयार करा. लिनक्सचा पासवर्ड आपोआप लागू होत नाही. तेवढं केलं की ते मशीन पीएस२ च्या मागं ठेवून द्यायचं आणि विसरायचं. वीज नगण्य खातं, अपडेटची कटकट नाही.

ओपीएलमध्ये भरताना पत्त्याचा प्रकार आयपी (आकड्यांचा पत्ता) ठेवा, नेटबायोस (नावानं शोधणं) नको. पोर्ट ४४५. शेअरचं नाव आणि खात्याचं नाव एकेक अक्षर तपासून घाला. पीएस२ च्या पडद्यावरच्या कीबोर्डवर शून्य आणि ओ ची अदलाबदल हमखास होते. जोडणी झाली की सेव्ह चेंजेस करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न.

पत्ता, पासवर्ड, केबल सगळं नीट असूनही एखादा गेम नेटवर्कवरूनच काळा पडदा देत असेल तर कारण त्या २ एमबीत असू शकतं. नेटवर्क चालवणारे भाग आयओपीच्या स्मृतीत बसतात आणि काही गेमना तीच जागा हवी असते. असा गेम हार्ड डिस्कवर मुकाट चालतो. ज्या गेमला स्वतःला ऑनलाइन जायचं असतं, त्याचंही नेटवर्कवाटेनं जमत नाही.

फॅट मॉडेल आणि आतली हार्ड डिस्क

फॅट पीएस२ असेल, आणि नेटवर्क अडॅप्टर मिळत असेल, तर हीच सगळ्यात भरवशाची वाट. ओळखायची खूण: मशीनच्या मागं एक मोठं आयताकृती झाकण असतं, ते काढलं की साडेतीन इंची डिस्क मावेल अशी पोकळी दिसते. मूळ अडॅप्टर जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कसाठी आहे. त्याची आतली पट्टी काढून नव्या साटा जोडणीची पट्टी बसवता येते. बाजारातल्या काही नकली अडॅप्टरांना साटा असतो, पण लॅनचा पोर्ट नसतो. घेण्याआधी मागून बघा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी जुनी १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी सहज मिळते, आणि या कामाला तीच उत्तम. वेगासाठी नव्हे, वेग पीएस२ ठरवतो. उष्णता आणि कंप कमी म्हणून.

इथं सगळ्यात जास्त नुकसान एका टिचकीनं होतं. पीएस२ आपल्या डिस्कवर एपीए नावाची वेगळी रचना करतो. ती डिस्क कॉम्प्युटरला लावली की विंडोज तिला ओळखत नाही, आणि डिस्क मॅनेजमेंट उघडताच "डिस्क इनिशिअलाइज करा" अशी खिडकी पुढं येते. ओके दाबू नका, कॅन्सल करा. ओके दाबलं की विंडोज डिस्कच्या सुरुवातीला आपली नोंद लिहितं आणि एपीएची मुळं तिथंच असतात. गेम जागेवर राहतात, पण पीएस२ ला डिस्क कोरी वाटते. कॉम्प्युटरवरून गेम भरायला एचडीएल डंप किंवा त्यावर बेतलेलं साधन वापरा. विनहिप हे साधन जुनं आहे, मोठ्या डिस्कवर त्यानं घोळ घातल्याच्या तक्रारी भरपूर आहेत, ते टाळा. फॉरमॅट पीएस२ वरच, यूलाँचएल्फ या फाइल मॅनेजरच्या एचडीडी मॅनेजरमधून करा.

डिस्कवरचा गेम कधीही अडकत असेल तर त्या गेमच्या सेटिंगमध्ये डीएमए मोड, म्हणजे डिस्कवरून डेटा आणायचा वेग, असतो. मूळ किंमत यूडीएमए ४. ती यूडीएमए २ करून बघा, तरी अडकला तर एमडीएमए २. खाली आणल्यावर सुरळीत झालं, तर डिस्क चांगली आहे आणि साटाची पट्टी किंवा तिची जोडणी कच्ची आहे. पट्टी काढून सोन्याचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, अडॅप्टरचे दोन्ही स्क्रू घट्ट करा. नुसता ढकलून बसवलेला अडॅप्टर मशीन हलवलं की सुटतो.

मेमरी कार्डच्या खाचेतलं एसडी कार्ड

एमएक्स४एसआयओ नावाचं छोटं अडॅप्टर मेमरी कार्डच्या दुसऱ्या खाचेत बसतं आणि त्यात मायक्रो एसडी जातं. यूएसबीपेक्षा थोडं बरं, नेटवर्कपेक्षा मंद. ओपीएलमध्ये ते चालू करावं लागतं, आपोआप दिसत नाही. ही वाट मेमरी कार्ड आणि कंट्रोलर यांच्या सामाईक तारांवरून जाते, त्यामुळं दुसऱ्या खाचेत सारखं डोकावणारे गेम अडकतात. एक कार्ड दिसत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं घालून बघा. यात कार्डाची निवड खरोखर फरक पाडते. प्रवासाला, गावाला न्यायला ठीक. घरात मुख्य वाट म्हणून नको.

मे महिना, कूलर आणि लाईट

पीएस२ च्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० च्या खाली पारा येत नाही. मशीन टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये असेल तर आत आणखी वाढ. हिवाळ्यात तासन् तास चालणारा गेम उन्हाळ्यात पाऊण तासात गोठतो, तो यामुळं. पंख्याच्या जाळीतली धूळ ब्लोअरनं काढा (काढताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरवू नका), मागं वीतभर जागा सोडा, फॅट मॉडेलमधली फिरती डिस्क काढून एसएसडी घाला. मशीन कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका. हवा गार असते पण ओली असते, आणि तिच्यातले पाण्याचे कण क्षार घेऊन पोर्टवर बसतात.

कूलरचा दुसरा त्रास विजेचा. एकाच बोर्डावर कूलर आणि राउटर असले की मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं. रावेर-यावलकडं संध्याकाळी केळीच्या शेतातल्या मोटारी चालू झाल्या की घरातला दिवा मंदावतो, तेव्हाही हेच. गंमत अशी की पीएस२ ची सप्लाय असा झटका पचवते, टीव्हीही चालू राहतो, पण राउटर रीस्टार्ट होतो. पडद्यावर गेम गोठलेला दिसतो आणि संशय पीएस२ वर जातो. गेम गोठला त्या क्षणी उठून राउटरचे दिवे बघा. सगळे नव्यानं लुकलुकत असतील तर चोर सापडला. राउटरला त्याच्याच व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, किंवा राउटर मधून काढून रास्पबेरी पाय आणि पीएस२ थेट केबलनं जोडा. घरच्या इन्व्हर्टरला मागं बटण असेल तर ते यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो जास्त वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

लाईटचा भरवसा नसेल तिथं सेव्ह होत असताना मशीन बंद पडण्याची भीती खरी आहे. व्हर्च्युअल मेमरी कार्ड म्हणजे ८ एमबीची एकच फाइल. लिहिताना वीज गेली तर त्यातले सगळे सेव्ह जाऊ शकतात. प्रत्येक गेमला वेगळं व्हर्च्युअल कार्ड द्या आणि महिन्यातून एकदा त्या फोल्डरची प्रत दुसरीकडं काढून ठेवा.

मोडला हात शेवटी लावा

फाइल ताडली, वाट बदलून पाहिली, तुकडे नाहीत, केबल आणि वीज ठीक आहे, तरी गेम एकाच जागी अडकतो, तेव्हाच कंपॅटिबिलिटी मोड. एका वेळी एकच बदला. मोड १ डेटा अचूक, मूळ ड्राइव्हच्या चालीनं वाचतो. फार लवकर डेटा मिळाल्यामुळं गडबडणाऱ्या गेमसाठी आधी हा. मोड २ वाचायची पद्धत बदलतो. मोड ३ ओपीएलचे काही हस्तक्षेप काढून घेतो, लोगोनंतरच्या काळ्या पडद्याला बऱ्याचदा हा लागू पडतो. मोड ४ व्हिडिओच गाळतो. यूएसबीवर अडखळणाऱ्या व्हिडिओला हा पळवाट म्हणून चालतो, पण कथा जाते. मोड ५ दुहेरी थराच्या डीव्हीडीसाठी. मोड ६ गेममधून बटणांनी बाहेर पडायची सोय बंद करतो. ठराविक बटणं एकदम दाबली की गेम बंद पडत असेल तर हा लावा. लागू पडलेला मोड त्या गेमच्याच सेटिंगमध्ये सेव्ह करा, सगळ्या गेमना नव्हे. ओपीएलची आवृत्ती बदलली तर आधी सगळे मोड काढून गेम साधा चालवून बघा. जुन्या आवृत्तीत लागणारे मोड नव्या आवृत्तीत काही वेळा गरजेचे राहत नाहीत, उलट आड येतात.